अनुदान कोण कोणाला देते?
शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



आपल्याकडे येणाऱ्या टपालात निवेदनेच जास्त असणार. वर संघटनेचा शिक्का, मध्ये सात-आठ मागण्या, खाली पन्नास सह्या आणि समासात 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' असा शेरा. नोकरीत असताना अशी पुष्कळ निवेदने मी स्वतः लिहिली. हे पत्र तसले नाही. मला माझ्यासाठी काही मागायचे उरलेले नाही. मराठवाड्यातल्या एका खाजगी माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, मी शंभर टक्के अनुदानित पदावर होतो, पगार झाला, पेन्शन चालू आहे. पोट भरलेल्या माणसाला थोडे स्पष्ट बोलता येते, म्हणून लिहितो आहे.

विषय खाजगी शाळांच्या अनुदानाचा, त्यातही अंशतः अनुदानित शाळांचा. वीस, चाळीस, साठ, ऐंशी टक्के अशा टप्प्यांवर वर्षानुवर्षे थांबलेल्या शाळा, त्यांच्या खाली त्रुटी काढून अडवलेल्या 'त्रुटीपात्र', त्याच्याही खाली अनुदानास पात्र म्हणून अजून जाहीरच न झालेल्या 'अघोषित'. शासन या शाळांना अनुदान देते असे शासन निर्णयांत लिहिलेले असते, आणि मुंबईच्या आझाद मैदानावर आंदोलनाला बसलेले शिक्षकही 'आम्हाला अनुदान द्या' असेच म्हणतात. मला वाटते दोघेही चुकीची बाजू धरून बोलत आहेत. गेली वीसेक वर्षे या शाळांत अनुदान उलटे वाहते आहे. शिक्षक आपल्या हक्काच्या पगारातला मोठा वाटा सोडतो, त्यावर शाळा चालते, आणि ती शाळा शासनाच्या आकडेवारीत मोजली जाते.

'खाजगी शाळा' म्हटले की पुण्या-मुंबईच्या वाचकांसमोर काचेच्या दर्शनी इमारती, पिवळ्या बस आणि लाखाच्या घरातली फी येते. अशा शाळांना सरकारने पैसे का द्यावेत, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. पण मी ज्या शाळांबद्दल लिहितो आहे त्या तालुक्याच्या रस्त्याला लागून असतात. चार खोल्यांवर स्लॅब, उरलेल्यांवर पत्रे, समोर मैदान म्हणून मोकळी जागा आणि फाटकावर संस्थापकांच्या वडिलांचे नाव. जिल्हा परिषदेची शाळा चौथी किंवा सातवीपर्यंत, फार तर आठवीपर्यंत असते. नववी-दहावीला मूल जाणार कुठे? या राज्यात माध्यमिक शिक्षण बहुतांशी खाजगी संस्थांच्या शाळांतच होते. सरकारने हायस्कुले स्वतः फारशी काढली नाहीत; संस्थांना मान्यता दिली, शिक्षकांचा पगार दिला आणि काम करवून घेतले. ही सोय आजची नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून ती चालत आली आहे, आणि १८८२ साली हंटर आयोगासमोर जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले त्यात सरकारी तिजोरीत पैसा कोणाचा येतो आणि शिक्षणाचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हाच हिशेब मांडला होता.

म्हणजे खाजगीपणा आहे तो नावाचा. अभ्यासक्रम सरकारचा, परीक्षा मंडळाची, आरक्षणाची बिंदुनामावली सरकारची, शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता सरकारची, भरतीसाठी २०१७ पासून पवित्र पोर्टल सरकारचे, मुख्याध्यापकाला नोटीस द्यायला गटशिक्षणाधिकारी सरकारचा. पगारापाशी आले की मात्र शाळा एकाएकी खाजगी होते.

कायद्याचे बघा. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवाशर्ती) विनियमन अधिनियम १९७७ चा. त्याची नियमावली १९८१ ची, अनुसूची 'क' मध्ये वेतनश्रेण्या. मान्यताप्राप्त खाजगी शाळेतल्या कर्मचाऱ्याला ठरलेल्या श्रेणीत पगार मिळाला पाहिजे, असे हा कायदा सांगतो. अनुदान असले तर, नसले तर, अशी फोड त्यात नाही. विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकाचाही त्या श्रेणीवर तितकाच हक्क. द्यायचा कोणी? संस्थेने. संस्थेकडे कुठून येणार? फीमधून. आणि फी? शेजारच्या गावात मोफत अनुदानित शाळा असताना मराठी माध्यमाच्या शाळेत सोयाबीन काढणाऱ्या मजुराच्या मुलाकडून कसली फी घेणार? वह्यांचे पैसेही तो दिवाळीनंतर देतो. एवढे सगळे माहीत असून सरकारने या शाळांना मान्यता दिली.

या शतकाच्या सुरुवातीला धोरण ठरले की नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावरच परवानगी मिळेल. मागणाऱ्या संस्थांनी तसे हमीपत्र लिहून दिले, हे खरे, आणि वित्त विभाग आजही ते हमीपत्र पुढे करतो. पण हमीपत्र लिहिले संस्थेने; त्याची किंमत मोजली तिथे नोकरीला लागलेल्या पंचविशीतल्या पोराने. पुढे २० जुलै २००९ रोजी शाळांच्या बाबतीत तो 'कायम' शब्द वगळला गेला. कनिष्ठ महाविद्यालयांच्या बाबतीत त्यासाठी फेब्रुवारी २०१४ उजाडावा लागला. शाळांचा 'कायम' गेला तेव्हा गावोगाव पेढे वाटले होते. शाळांसाठी १५ नोव्हेंबर २०११ ला मूल्यांकनाचे निकष आले. मग तपासणी पथके आली. शौचालये, क्रीडांगण, ग्रंथालयातली पुस्तके, बायोमेट्रिक हजेरी, पटसंख्या, निकाल, मागास प्रवर्गाची भरती, सगळ्याची तपासणी झाली. शाळांनी कर्ज काढून भिंती रंगवल्या. मूल्यांकनात पास झालेल्या शाळांनी मग वाट पाहिली, ती २०१६ च्या सप्टेंबरपर्यंत. तेव्हा मिळाले वीस टक्के.

आधीचे सूत्र दरवर्षी वीस टक्क्यांची वाढ आणि पाच वर्षांत शंभर टक्के असे होते. त्या हिशेबाने २०१६ ला वीसवर आलेली शाळा २०२० ला शंभरवर असायला हवी होती. प्रत्यक्षात पुढचा वीस टक्क्यांचा टप्पा सप्टेंबर २०१९ च्या निर्णयाने आला. त्यानंतरचा डिसेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मान्य केला, १,१६० कोटींची तरतूद सांगितली गेली, शासन निर्णय फेब्रुवारी २०२३ मध्ये निघाला. त्याच्या पुढचा ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर. निर्णय निघाला, तरतूद नव्हती. शिक्षकांनी निर्णयाची प्रत फोनमध्ये साठवून ठेवली आणि हिवाळी अधिवेशन पाहिले, अर्थसंकल्पी अधिवेशन पाहिले. २०२५ च्या जुलैत पावसात आझाद मैदान भरले, ८ आणि ९ तारखेला शाळा बंद राहिल्या, विरोधी पक्षांचे नेते मैदानात येऊन गेले, मंत्रीही आले, आणि त्यानंतर त्याच महिन्यात सुमारे ९७० कोटींच्या खर्चाला मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. काढलेल्या शासन निर्णयाला पैसे मिळावेत म्हणून वेगळे आंदोलन करावे लागते, हा प्रकार मला तरी दुसऱ्या खात्यात दिसलेला नाही. रस्त्याचा ठेकेदारही थकलेल्या बिलासाठी ओरडतो, कबूल. पण त्याला कोणी बिलाच्या वीस टक्के घेऊन पूर्ण रस्ता करायला सांगत नाही.

आता आकडा मांडतो. बी.एड. झालेल्या माध्यमिक शिक्षकाचे सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीचे मूळ वेतन ३८,६०० रुपये. त्याचे वीस टक्के ७,७२०. महागाई भत्ता, घरभाडे धरले तर त्यात काही हजारांची भर पडते. त्याच दर्जाचा शिक्षण सेवक, म्हणजे अजून कायमही न झालेला, २०२३ पासून १८,००० मानधन घेतो. वीस टक्क्यांवरच्या माणसाला तिथे दहा-पंधरा वर्षे झालेली असतात. उरलेले ऐंशी टक्के कोणाच्या खात्यातून गेले? संस्थेच्या नाही, सरकारच्या नाही. ते कुठल्याच अर्थसंकल्पात दिसत नाहीत, कारण ते कोणी दिलेच नाहीत. ते फक्त एका घरात आले नाहीत. राज्यभरातल्या अशा हजारो कर्मचाऱ्यांचे दरमहा न आलेले पैसे एकत्र केले तर शालेय शिक्षणाचा सर्वांत मोठा देणगीदार कोण, ते कळेल.

हे मी कागदावर शिकलो नाही. आमच्या शाळेच्या जुन्या तुकड्या अनुदानित आणि पुढे पट वाढला म्हणून मिळालेल्या तुकड्या विनाअनुदानित होत्या. नववी 'अ' आणि नववी 'क' यांच्यामध्ये एक भिंत. अलीकडे गणित शिकवणाऱ्या सरांचा पगार वेतन पथकाकडून बँकेत, पलीकडे तेच प्रकरण तेच खडू घेऊन शिकवणाऱ्या सरांना संस्था जमेल तेव्हा जमेल तितके देणार. हजेरीपत्रक एक, सेवाज्येष्ठतेवरून कुजबुज एक, चहाची वर्गणीसुद्धा एक. पगाराच्या दिवशी शिक्षकखोलीत एक अलिखित नियम होता: फोनवर बँकेचा मेसेज आला तरी तो तिथे उघडायचा नाही. कोणी ठरवला होता माहीत नाही, पण मी मुख्याध्यापक झालो तेव्हाही तो पाळला जात होता.

आमचे विज्ञानाचे एक सर एम.एस्सी., बी.एड. सकाळी सहा ते नऊ भावाच्या पिठाच्या गिरणीवर. शाळेत येताना हात-तोंड धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून येत. पण कानामागे आणि घड्याळाच्या पट्ट्यात पीठ राहायचेच. मुलांना ते ठाऊक होते, आणि मुले त्यावर कधी हसली नाहीत, हे त्या गावाच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्यांच्या तुकडीचा दहावीचा विज्ञानाचा निकाल अनुदानित तुकड्यांच्या बरोबरीने लागे, काही वर्षी वर. बोर्डाचे पेपर तपासायला ते जात तेव्हा दर उत्तरपत्रिकेचे मानधन त्यांना आणि मला सारखेच मिळे. निवडणुकीच्या कामाची ऑर्डर तहसीलमधून येई त्यावर अनुदानाचा टक्का विचारणारा रकाना नसे. मतदान केंद्राध्यक्ष म्हणून ते शंभर टक्के सरकारी, दुसऱ्या दिवशी वर्गावर आले की शून्य टक्के.

टक्का विचारला जातो तो फक्त सोयरिकीच्या बैठकीत. 'पोरगा शिक्षक आहे' म्हटल्यावर पलीकडून पहिला प्रश्न येतो, 'किती टक्क्यावर?' आमच्या भागात हा प्रश्न आता शेती किती, या प्रश्नाच्या आधी येतो.

संस्थाचालकांबद्दल न बोलता हे पत्र लिहिले तर ते खोटे होईल. ज्या संस्थांना आपण संस्था म्हणतो त्यांतल्या कित्येक एका घराच्या असतात. अध्यक्ष वडील, सचिव मुलगा, कोषाध्यक्ष सूनबाई. नोकरी देताना 'इमारत निधी' म्हणून घेतलेली रक्कम सगळ्या तालुक्याला तोंडपाठ असते. त्यासाठी विकलेल्या एकरांचे सातबारेही लोक सांगतील. पगाराच्या रजिस्टरवर सही एका आकड्यापुढे आणि हातात दुसराच आकडा, हे विनाअनुदानित शाळांत इतके रुळले आहे की नव्या शिक्षकाला ते समजावून सांगावे लागत नाही. त्यात आपल्या सभागृहात दोन्ही बाजूंना शिक्षणसंस्थांचे मालक बसतात, म्हणून या विषयावर तिथे आवाज चढतो पण हिशेब मागितला जात नाही. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघांचे सात आमदार असतात. त्यांनी टप्प्यासाठी पायऱ्यांवर ठाण मांडलेले मी टीव्हीवर पाहिले आहे. संस्थांचे लेखे जाहीर करा म्हणून कोणी ठाण मांडल्याचे पाहिलेले नाही.

वित्त विभागाचा संशय इथून सुरू होतो, आणि तो निराधार नाही. २०२५ मध्ये नागपुरात शालार्थ आयडीचे प्रकरण बाहेर आले. नियुक्तीच बोगस असलेल्या लोकांना पगाराच्या शालार्थ प्रणालीत घुसवून पगार काढल्याचे गुन्हे दाखल झाले, शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली. चौकशी, खटले आपल्या गतीने चालतील. पण त्याच काळात खरोखर शिकवणारी माणसे शालार्थ आयडीसाठी उपसंचालक कार्यालयात फाइल घेऊन चकरा मारत होती. 'वैयक्तिक मान्यतेची मूळ प्रत नाही', 'जावक क्रमांक जुळत नाही', 'साहेब दौऱ्यावर आहेत'. चोराला दार उघडे आणि घरमालक उंबऱ्याबाहेर, अशी गत. या घोटाळ्याचा इलाज खऱ्या शिक्षकाचा टप्पा रोखणे हा कसा असू शकतो? टप्पा रोखला की फाइल अडते, फाइल अडली की तिची किंमत ठरते, आणि किंमत ठरली की नागपूर होते.

माझ्या म्हणण्याविरुद्ध एक भक्कम मुद्दा आहे, तोही मांडतो. अनुदान मागणे हा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे. अनुदान द्यायचे की नाही, किती द्यायचे, बंद करायचे का, हा धोरणाचा भाग. अल्पसंख्याक संस्थाही त्याला अपवाद नाहीत; भेदभाव होता कामा नये, एवढेच. निकाल मला मान्य आहे. राज्याने उद्या ठरवले की यापुढे एकाही नव्या शाळेला पैसा देणार नाही, तर तसे ठरवायचा त्याला अधिकार आहे, आणि २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा करून महाराष्ट्राने ते जवळजवळ ठरवूनही टाकले आहे. पण धोरण म्हणून एकदा 'देऊ' म्हटले, निकष लावले, तपासणी केली, पात्र म्हणून यादी जाहीर केली, की तिथे हक्काचा वाद उरत नाही. तिथून पुढे प्रश्न दिलेल्या शब्दाचा असतो.

शब्द न पाळता अनुदान सरकारच्या मुठीत राहिले की काय होते, त्याला महाराष्ट्रात जुना दाखला आहे. १९४८ साली मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान बंद केले. शाळा वाईट चालल्या होत्या म्हणून नव्हे; कर्मवीर भाऊरावांचे जाहीर बोलणे सरकारला झोंबले म्हणून. १९१९ मध्ये काल्याला सुरू झालेली, बहुजनांच्या पोरांना वसतिगृहात ठेवून शिकवणारी संस्था, आणि तिच्या गळ्याशी आली ती सरकारची नाराजी. पुढे गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले, असे सांगतात. आपण ही गोष्ट भाषणात गाडगेबाबांचा मोठेपणा म्हणून सांगतो. मला तिच्यात दुसरेच दिसते. कर्मवीरांसारख्या माणसालाही शाळेच्या पैशासाठी संताची रदबदली लागली. आजच्या वीस टक्केवाल्या शाळेकडे ना कर्मवीर आहेत ना गाडगेबाबा. तिच्याकडे पालकमंत्र्यांच्या स्वीय सहायकाचा मोबाइल नंबर आहे, तोही बहुतेक वेळा बंद.

शंभर टक्के अनुदानित शाळेत सगळे गोड आहे असेही समजू नका. आपण पगार देता, शाळा चालवायचा खर्च देत नाही. वेतनेतर अनुदान २००४ नंतर बंदच होते; २०१३ मध्ये सुरू झाले ते पाच टक्के, आणि मोजायचे पाचव्या वेतन आयोगाच्या वेतनावर. वीजबिल मात्र आजच्या दराने येते. थकले की वायरमन येऊन शाळेचे कनेक्शन तोडतो आणि ऑनलाइन माहिती भरायला गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात जावे लागते. डिसेंबर २०२० च्या निर्णयाने शिपायाचे पद गेले, त्या जागी भत्ता आला: ग्रामीण भागात महिन्याला पाच हजार. पाच हजारांत कोणता माणूस सकाळी सातला कुलूप उघडून, आठ खोल्या झाडून, टाकी भरून, घंटा देऊन, टपाल पोचवून संध्याकाळी कुलूप लावील? आमच्याकडे घंटा नववीची मुले देत. त्यांना ते काम आवडायचे, हा भाग वेगळा.

आणि शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागा. त्यांच्या फीचा पैसाही सरकारकडून खाजगी शाळांकडेच जातो. एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये दर, आणि शाळांची थकबाकी वर्षानुवर्षे. ती देण्याऐवजी सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियमच बदलून पाहिला, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या प्रवेशांतून सूट दिली. उच्च न्यायालयाने तो बदल जुलैत रद्द केला. याच कायद्याच्या बाराव्या कलमात अनुदानित शाळांसाठी एक तरतूद आहे, तिची आठवण कोणी काढत नाही: वार्षिक खर्चाच्या जितक्या प्रमाणात शाळेला अनुदान, तितक्या प्रमाणात मुले मोफत, पण कमीत कमी पंचवीस टक्के. म्हणजे वीस टक्के अनुदान घेणाऱ्या शाळेने कायद्याने पंचवीस टक्के मुले मोफत शिकवायची. गावातली अशी शाळा शंभर टक्के मुले मोफत शिकवते. वरच्या पंचाहत्तर टक्क्यांचे पैसे कोणी भरले, ते मी वर सांगितले आहे.

एका गोष्टीवर मला फार लिहायचे नाही, कारण लिहिताना राग येतो. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्या, पण शाळेला शंभर टक्के अनुदान त्या तारखेनंतर मिळालेल्या शिक्षकांची जुनी पेन्शन. नेमणूक शासनमान्य, सेवा अखंड, आणि पेन्शन नाकारायचे कारण काय, तर तेव्हा तुमच्या शाळेला आम्ही पैसे देत नव्हतो. आपण दिले नाहीत हा त्यांचा दोष ठरला.

आता आपल्याकडून काय हवे ते सांगतो. टप्पा शासन निर्णयातून काढा आणि कायद्यात घाला. १९७७ च्या अधिनियमाला एक दुरुस्ती पुरे: पात्र घोषित झालेल्या शाळेला, तुकडीला पुढचा टप्पा दरवर्षी १ जूनला आपोआप लागू, त्याची तरतूद मूळ अर्थसंकल्पात, पुरवणी मागणीत नव्हे, आणि उशीर झाला तर फरक व्याजासह. एवढे झाले की मैदान लागत नाही, निवेदन लागत नाही, कोणाच्या वाढदिवसाला फ्लेक्स लावावा लागत नाही. आपल्या पक्षाला आणि विरोधकांनाही त्यामुळे एक हुकमी व्यासपीठ गमवावे लागेल, हे मला कळते.

बदल्यात संस्थांकडून वसूल करा, तेही त्याच दुरुस्तीत. ज्या महिन्यापासून एक रुपया अनुदान सुरू झाले त्या महिन्यापासून संस्थेचा वाटाही थेट शिक्षकाच्या बँक खात्यात. संस्थेचा वार्षिक ताळेबंद शाळेच्या फलकावर आणि संकेतस्थळावर. नेमणुकीसाठी पैसे घेतल्याचे सिद्ध झाले तर शाळेवर प्रशासक आणा, पण टप्पा थांबवू नका. शिक्षा अध्यक्षाला व्हावी, वर्गातल्या माणसाला नको. ज्या शाळा नुसत्या कागदावर आहेत त्या बंद करा. पट खरोखरच संपला आहे तिथे मुलांना शेजारच्या शाळेत न्या, शिक्षकांचे समायोजन करा. याला विरोध होईल, आणि विरोध करणाऱ्यांत माझ्या ओळखीचे लोक असतील. तरी करा.

पैसा नाही, असे वित्त विभाग म्हणेल. शक्य आहे, राज्याच्या तिजोरीवर कशाकशाचा भार आहे ते वर्तमानपत्र वाचणाऱ्याला माहीत आहे. तसे असेल तर सभागृहात उभे राहून तेही सांगा. या शाळांना आम्ही शंभर टक्क्यांवर नेऊ शकत नाही, अमुक वर्षापर्यंत अमुक टक्के, त्यापुढे नाही, असे एकदा नोंदवून टाका. वाईट बातमीवरही माणूस संसाराचा आराखडा करू शकतो. 'लवकरच', 'सकारात्मक', 'प्रस्ताव विचाराधीन' यांवर करू शकत नाही.

२००१-०२ मध्ये पंचविशीत रुजू झालेला शिक्षक आता पन्नाशीला टेकला आहे, आणि खाजगी शाळेत निवृत्तीचे वय ५८ आहे. काही जण वीस टक्क्यांवरच निवृत्त झाले, काही शून्यावर. त्यांच्यासाठी आता कुठलाही शासन निर्णय उपयोगाचा नाही. जे अजून वर्गात आहेत त्यांच्यासाठी येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात ही दुरुस्ती मांडा, आणि पहिला आपोआप टप्पा त्याच वर्षीच्या १ जूनचा लिहा.

कळावे,
आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक